ठिबकने वाचलेलं पाणी जातं कुठे? (आणि त्यासाठी जळालेली वीज?)

वाफसा (धागाकर्ता)

हवामान तापतंय, पिकांना पाणी जास्त लागणार, म्हणून ठिबक बसवा आणि पंप सौरऊर्जेवर टाका. हा सल्ला इतका सरळ वाटतो की त्याला उलट प्रश्न कुणी विचारतच नाही. मला तो विचारायचा आहे. माझं म्हणणं असं, की बांधाच्या आत वाचलेलं पाणी खोऱ्यातही वाचलं असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. ते वाचवायला घातलेली वीज मात्र खरोखर खर्च होते. उपशावर कसलीच मर्यादा नसेल, तर ठिबक आणि सौरपंप मिळून तापत्या हवामानात पाणी आणखी लवकर संपवतील.

आधी गरज का वाढते ते बघू. ३० अंशाला हवा ४.२४ किलोपास्कल बाष्पदाबाला संपृक्त होते, ३२ अंशाला ४.७६ ला. समजा ३० अंशाला सापेक्ष आर्द्रता ५० टक्के होती. म्हणजे हवेतल्या बाष्पाचा दाब २.१२ आणि तूटही (संपृक्त व्हायला कमी पडणारा दाब) २.१२. हवेतलं बाष्प तेवढंच राहून तापमान दोन अंशांनी वाढलं, तर तूट २.६४ होते. जवळजवळ पाव हिश्शाने वाढ! आर्द्रता ५० टक्क्यांवर टिकली असं धरलं तरी १२ टक्के वाढ आहेच. पिकाची गरज अर्थातच इतकी वाढत नाही, कारण बाष्पोत्सर्जनाचा मोठा भाग उन्हाच्या ऊर्जेवर ठरतो. बाष्पोत्सर्जन काढायचं पेनमन-माँटीथचं सूत्र लावलं, आर्द्रता आणि वारा तसाच ठेवला, तर एका अंशाला साधारण दोन-तीन टक्के वाढ निघते.

हा आकडा छोटा आहे, मान्य. पण विजेचा हिशोब वेगळाच निघतो, आणि धागा काढायचं खरं कारण ते आहे.

एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला ९.८१ किलोज्यूल लागतात. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात सवलत नाही. १०० मीटरवरून उचलायचं तर ०.२७ युनिट, आणि पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर सुमारे ०.६ युनिट. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर. हंगामात ५०० मिलिमीटर उपसलं तर ५,००० घनमीटर, म्हणजे ३,००० युनिट. हेच पाणी ३० मीटरवर असतं तर ९०० युनिटांत काम झालं असतं. आता तुलना करा. उष्णतेमुळे पिकाची गरज ५ टक्क्यांनी वाढली तर ३,००० मध्ये १५० युनिटांची भर पडते. पातळी ३० वरून १०० मीटरवर गेली तर २,१०० युनिटांची. तापमानवाढीचा विजेवरचा मुख्य परिणाम असा आडमार्गाने येतो. पाऊस बेभरवशाचा होतो, कालवा आणि तलाव दगा देतात, माणूस भूजलाकडे वळतो आणि पातळी खोल जाते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक हिशोबानुसार सिंचनाखालच्या शेतीपैकी सुमारे ४० टक्केच भूजलावर आहे, पण सिंचनाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ८९ टक्के ऊर्जा भूजल उपसण्यात जाते.

आणि दुष्काळात नेमकी जलविद्युत आटते. पंपांची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाच धरणं रिकामी असतात.

स्पेनचं उदाहरण समोर आहे. तिथे १९५० ते २००७ या काळात सिंचनाचं हेक्टरी पाणी सुमारे ८,२५० वरून ६,५०० घनमीटरवर आलं, म्हणजे एक पंचमांशाने घटलं. हेक्टरी वीज २०६ युनिटांवरून १,५६० वर गेली, साडेसात पट. पाटाने वाहणारं पाणी बंद नळीत घातलं की दाब लागतो, आणि दाब म्हणजे वीज. पुढे २००८ मध्ये सिंचनासाठीचे खास वीजदर रद्द झाले आणि कर्ज काढून आधुनिकीकरण केलेले शेतकरी बिलं बघत बसले.

उपसा

मी बरीच वर्षं ठिबकचे आराखडे करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण तुमची मांडणी अर्धीच आहे.

स्पेनचा आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही लावला तसा सरसकट लागत नाही. ठिबकला वीज जास्त लागते की कमी, हे पाणी किती खोल आहे त्यावर ठरते. तुमचेच आकडे घेऊ. पिकाला ५०० मिलिमीटर पोचवायचे आहे. पाटपाण्यात ६० टक्के पोचते असे धरू, म्हणजे उपसा ८,३३० घनमीटर. ठिबकात ९० टक्के पोचते, उपसा ५,५६० घनमीटर. ठिबकला वर फिल्टर आणि लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या नळ्या) मिळून १५ मीटर जास्तीचे हेड द्या, म्हणजे पाणी आणखी १५ मीटर उचलण्याइतका दाब. पाणी १०० मीटरवर असेल तर पाटपाण्याला साधारण ५,०५० युनिट लागतात, ठिबकला ३,८७०. जवळजवळ १,२०० युनिटांची बचत. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती खोली काढली तर ३० मीटर येते. पाणी त्याहून उथळ असेल किंवा कालव्याने आपोआप येत असेल, तर ठिबक वीज वाढवते. त्याहून खोल असेल तर वाचवते. स्पेनमध्ये जे झाले त्यातला बराच भाग गुरुत्वाने वाहणाऱ्या पाण्याला दाब देण्याचा होता.

म्हणून ‘ठिबक वीज खाते’ हे वाक्य कोरडे पडत चाललेल्या खोल विहिरींच्या प्रदेशात उलटे आहे. आणि हवामानबदलाने अशाच प्रदेशांची भर पडणार, हे तुम्हीच लिहिले आहे.

दुसरे असे की पाणी किती दिले यापेक्षा कधी दिले हे तापत्या हवेत जास्त महत्त्वाचे होत जाते. फुलोऱ्यात पाच दिवसांची उष्णतेची लाट आली तर पाळीने येणारे पाणी आठव्या दिवशी येऊन उपयोग काय? ठिबकने रोज दोन तास देता येते. हा फायदा तुमच्या घनमीटरच्या हिशोबात दिसतच नाही.

चारीवरचा

‘उपसा’ यांनी काढलेली ३० मीटरची रेषा आवडली. आजवर इतकी स्वच्छ कुणी सांगितली नव्हती.

पण पाटपाण्यात जे ४० टक्के ‘वाया’ धरलंय त्यावर माझा आक्षेप आहे. मी कालव्याच्या कामात होतो. पाझरलेलं पाणी दर वेळी हरवत नाही. खालच्या विहिरींना तेच भरतं. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या ऑल-अमेरिकन कालव्याचं बघा. मातीचा कालवा, दशकानुदशकं पाझरत होता. अस्तरीकरणाचं काम २००९ मध्ये पूर्ण झालं आणि वर्षाला सुमारे ८ कोटी ३० लाख घनमीटर पाणी ‘वाचलं’. ते शहराकडे वळवलं गेलं. सीमेपलीकडे मेक्सिकाली खोऱ्यातले शेतकरी ज्या विहिरींवर जगत होते त्या याच पाझरावर भरत होत्या. हिशोबाच्या वहीत बचत झाली, आणि खालच्या माणसाच्या विहिरीतलं पाणी गेलं.

माझा साधा प्रश्न आहे. तुमच्या आराखड्यात पाझर कुणाकडे जातो याचा रकाना असतो का?

उपसा

नसतो. प्रामाणिकपणे सांगतो, नसतो. आराखडा एका शेताचा असतो.

पण सगळा पाझर पुन्हा वापरता येतो हेही तितकेच चूक. खाली खारे भूजल असेल तर पाझर त्यात मिसळून कायमचा बाद होतो. समुद्राकडे उतरणारी जमीन असेल तर तो निघून जातो. आणि १०० मीटरवरून उचललेले पाणी पाझरून परत १०० मीटरवर गेले, तर ते पुन्हा वर आणायला वीज दुसऱ्यांदा लागते. पाणी परत मिळाले तरी ऊर्जा परत मिळत नाही. शिवाय ते जाताना नत्र बरोबर घेऊन जाते. म्हणजे खताला लागलेली ऊर्जाही खाली गेली, आणि नायट्रेट विहिरीत आले.

वाफसा

वीज दुसऱ्यांदा जाते हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. घेतला. ३० मीटरची रेषाही घेतली.

पण तुम्ही हिशोब दर हेक्टरी केलात. हेक्टर तेवढेच राहतात का? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ओगालाला या भूजलसाठ्यावर शेतकऱ्यांना अनुदान देऊन अधिक कार्यक्षम तुषार यंत्रणा बसवून दिल्या. उद्देश होता उपसा कमी करण्याचा. नंतर विहिरींच्या नोंदी तपासल्या तर उपसा वाढलेला निघाला. पाणी वाया कमी जाऊ लागलं, म्हणून लोक जास्त पाणी मागणाऱ्या पिकांकडे वळले आणि अधिक क्षेत्र भिजवू लागले. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी जळत नाही, इंजिनं वाढतात.

पिकाच्या बाजूनेही हेच होतं. दाणा आणि चारा हे बाष्पोत्सर्जनाच्या प्रमाणात येतात. ठिबकने पीक वाढलं याचा अर्थ पिकाने पाणी जास्त हवेत सोडलं. खऱ्या अर्थाने वाचतं ते फक्त ओल्या मातीवरून उडणारं पाणी. रुंद ओळींच्या पिकात, पीक लहान असताना ते बरंच असतं. पानांनी जमीन झाकली की उरतं थोडंच.

ओलीतवाला

वाचतोय केव्हापासून. ज्याला वाढवलेलं क्षेत्र म्हणताय ते मी आहे.

ठिबक केलं. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले. लपवायचं काय त्यात? कर्ज काढून यंत्रणा बसवली, तो हप्ता जुन्या क्षेत्रातून निघत नव्हता. पाणी विहिरीत सोडून दिलं असतं तर शेजारच्या बोअरने ओढलं असतं, कारण खालचा खडक माझा-तुझा बघत नाही. मी एकट्याने काटकसर करून काय होणार? तुम्ही जे शास्त्राच्या भाषेत लिहिताय ते मला रोज पहाटे पंप सुरू करताना दिसतं. पाइपातून आधी हवा येते, मग गढूळ, मग पाणी. पूर्वी तसं नव्हतं. दर दोन वर्षांनी पाइपाचे दोन तुकडे वाढवतोय, आणि मोटार तीच असल्याने धार बारीक होत चाललीय.

आणखी एक. उन्हाळा नुसता तापत नाहीये, रात्रीही गार होत नाहीत. पूर्वी रात्री पाणी दिलं की वाफसा टिकायचा. आता दुपारपर्यंत वरचा थर उडून जातो. हे कुठल्या सूत्रात बसतं मला माहीत नाही, पण माझ्या पाळ्या वाढल्यात.

मर्यादा घाला म्हणता. कुणावर? ज्याच्याकडे मीटर आहे त्याच्यावरच बसणार ती. ज्याने पंचवीस वर्षं बेसुमार उपसून विहीर खोल केली त्याला जास्त कोटा, आणि ज्याने जपून वापरलं त्याला कमी, असंच होणार ना? माझा विरोध त्याला आहे.

पर्णरंध्र

मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी. धाग्याच्या पायाबद्दलच थोडी शंका आहे. हिशोब हवेचा केलात, पानाचा केला नाहीत.

औद्योगिक काळापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत २८० होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. तो वाढला की पानाला हवी तेवढी हवा कमी उघड्या रंध्रांतूनही (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतूनही) मिळते, म्हणून रंध्रं थोडी मिटतात. उघड्या शेतात हा वायू सोडून, त्याचं प्रमाण ५५० च्या आसपास नेऊन केलेल्या प्रयोगांत रंध्रांची वाहकता सरासरीने पंचमांश घटलेली दिसली. शिवाय उष्णतेने पिकाचे दिवस कमी होतात. पीक लवकर पिकलं तर हंगामाचं एकूण पाणी कमीही लागू शकतं. म्हणजे ‘तापमान वाढलं, म्हणून पाणी वाढलं’ हे इतकं थेट नाही.

वाफसा

पंचमांश घट रंध्रांच्या वाहकतेत आहे, पिकाच्या एकूण पाण्यात नाही. रंध्रं मिटली की पान कमी गार होतं, तापतं, आणि पानाच्या आतला बाष्पदाब वाढून पाणी पुन्हा जोराने बाहेर खेचलं जातं. वाढलेल्या कर्बवायूने पानांचं क्षेत्रही वाढतं. दोन्ही मिळून शेताच्या पातळीवर बचत बरीच आक्रसते.

आणि दिवस कमी झाले म्हणजे दाणा भरायलाही दिवस कमी मिळाले. ते उत्पादन भरून काढायला लोक जास्त दिवसांचं वाण घेतात किंवा मोकळ्या झालेल्या दिवसांत दुसरं पीक. वर्षाचं पाणी मग कमी झालं का?

पर्णरंध्र

बरोबर, शेताच्या पातळीवर घट कमी आहे. पण शून्य नाही. माझा आग्रह एवढाच, की गरज किती वाढेल हे पिकागणिक आणि जागेगणिक वेगळं आहे, आणि तुमचा दोन-तीन टक्क्यांचा आकडा कुणी सगळीकडे चिकटवू नये. मक्यासारख्या पिकात कर्बवायूचा उत्पादनाला फायदा मुख्यतः कोरड्या वर्षीच दिसतो. ओल्या वर्षी जवळजवळ नाही.

‘ओलीतवाला’ यांनी रात्रीबद्दल लिहिलं ते वाऱ्यावर सोडू नये. बऱ्याच ठिकाणी रात्रीचं किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा वेगाने वाढलंय. गरम रात्री पीक श्वसनात साठा खर्च करतं. म्हणजे तेवढंच पाणी देऊन दाणा कमी. आपण पाणी दर हेक्टरी मोजतो, ते दर क्विंटल मोजलं तर हा तोटा दिसेल.

सूर्यमुखी

सौरपंपावर धागाकर्त्याने एका वाक्यात निकाल दिलाय. तो मला पटत नाही.

डिझेल आणि कोळशाच्या विजेवरचे पंप कर्बवायू सोडतात, त्याने उष्णता वाढते, त्याने पंप जास्त चालतात. हे चक्र तोडायला सौरपंपाहून साधं साधन दाखवा. उन्हाळ्यात गरज सर्वाधिक असते तेव्हा सूर्यही सर्वाधिक देतो. ज्याला रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर पाणी द्यावं लागतं, साप-विंचवाच्या अंधारात चाऱ्या फोडाव्या लागतात, त्याला दिवसा पाणी देता येणं ही सोय किती मोठी आहे, हे लिहून कळणार नाही.

जास्त उपसा होईल ही भीती खरी आहे, पण तिला उत्तर सापडलंय. गुजरातमधल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौर सिंचन सहकारी संस्था सुरू झाली. तिथे शेतकऱ्याने पंप चालवला नाही तर ती वीज जाळ्यात (वीज कंपनीच्या तारांच्या ग्रिडमध्ये) विकता येते. पाण्याबरोबर विजेलाही भाव आहे, मग गरज नसताना पंप चालू कोण ठेवेल? उपसा रोखायला पोलिस लागत नाही, दर पुरेसा असला की झालं.

वाफसा

धुंडीचा नमुना मला आवडतो, आणि तो चालण्याचं कारण तुम्हीच सांगितलंत: विजेला भाव. पण बहुतेक सौरपंप जाळ्याला जोडलेले नसतात. एकदा बसवला की पुढच्या प्रत्येक घनमीटरला खर्च शून्य. येमेनमध्ये युद्धाच्या काळात डिझेल मिळेनासं झालं आणि सौरपंप झपाट्याने पसरले. त्यांनी लोकांना जगवलं, यात शंका नाही. पण तिथली आधीच खोल गेलेली पातळी आता डिझेलच्या किमतीचा अडथळाही न राहता खाली जातेय.

जाळ्याला न जोडलेल्या पंपाला तुमच्याकडे काय उत्तर आहे?

सूर्यमुखी

पटलं, एकट्या पंपाला माझ्याकडे उत्तर नाही. पॅनेल छोटं ठेवावं, म्हणजे दिवसाचं पाणी आपोआप मर्यादित राहतं, असं म्हणणार होते. पण पॅनेल नंतर वाढवता येतं. त्यामुळे माझं म्हणणं दुरुस्त करते: अनुदान जाळ्याला जोडलेल्या पंपालाच द्या. जिथे जाळं पोचत नाही तिथे गावाचा एक सामायिक पंप.

चारीवरचा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आपण सगळे शेतावरच अडकलोय, वरच्या बर्फाकडे कुणी बघत नाही. जिथे नद्या बर्फावर चालतात तिथे बर्फ हेच सगळ्यात मोठं धरण असतं, फुकटचं आणि विजेशिवाय चालणारं. १ एप्रिल २०१५ ला कॅलिफोर्नियातला बर्फसाठा सरासरीच्या ५ टक्के होता. पुढच्या वर्षी पाऊस सुधारला तरी, उबदार हिवाळ्यात तो बर्फाऐवजी पाणी होऊन येतो आणि पिकाला हवा त्याआधीच वाहून जातो. एकूण पाणी तेवढंच, वेळ चुकली. मग उन्हाळ्यात पंप.

त्याच राज्यात सॅन होआकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात उपशाने जमीन एका ठिकाणी जवळपास ९ मीटर खचली. चिकणमातीचे थर एकदा दबले की पुन्हा फुगत नाहीत. म्हणजे पुढे कितीही पुनर्भरण करा, ती साठवण परत येत नाही. उपशाचा कायदा तिथे २०१४ मध्ये आला.

निचरा

एक राहिलेली गोष्ट: मीठ. ठिबकखाली ओलाव्याचा कांदा (कांद्याच्या आकाराचा ओला भाग) तयार होतो आणि त्याच्या कडेला क्षार जमतात. पाटपाण्यात ते जास्तीच्या पाण्याने खाली धुतले जायचे. पाऊस कमी झाला, पाणी खारट झालं आणि ठिबकही काटेकोर चालवलं, तर काही वर्षांत शेत पांढरं पडतं. धुवायला मुद्दाम जास्त पाणी द्यावं लागतं. ९० टक्के कार्यक्षमतेच्या आराखड्यात हे पाणी धरत जा, ‘उपसा’.

आणि भातवाल्यांनी एवढं करून बघावं: शेतात भोकं पाडलेली नळी रोवायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर गेलं की मगच पुढचं पाणी. फुलोऱ्यात मात्र तोडायचं नाही. पाणी ३० टक्क्यांपर्यंत कमी लागतं, मिथेन निम्म्याच्या आसपास घटतो, उत्पादन टिकतं. यंत्र नाही, वीज नाही.

उपसा

मीठाचा मुद्दा मान्य, मी तो धरतो. सगळे धरत नाहीत.

आता मर्यादेबद्दल. धागाकर्ता म्हणतात मर्यादा नसेल तर ठिबक उलटे पडते. मी म्हणतो ठिबक नसेल तर मर्यादा पाळणे शक्यच होत नाही. कॅन्ससचेच पुढचे पान उलटा. शेरिडन परगण्यात शेतकऱ्यांनी स्वतःच ठरवून २०१३ ते २०१७ साठी उपसा सुमारे २० टक्क्यांनी कमी करायचे मान्य केले. पाच वर्षांत मिळून ५५ इंच, म्हणजे साधारण १,४०० मिलिमीटर. एका वर्षी जास्त लागले तर पुढच्या वर्षी कमी. प्रत्यक्षात उपसा चौथ्या हिश्शाहून जास्त घटला आणि नफा जवळजवळ टिकून राहिला. कसा? ओलाव्याचे संवेदक, वेळेवर पाळी, थोडा मका कमी आणि ज्वारी जास्त. हातात काटेकोर पाणी देणारे साधन होते म्हणून हे जमले. पाटाने पाणी देणाऱ्याला २० टक्के कमी कर म्हटले, तर त्याच्या शेताचा शेवटचा पट्टा वाळतो.

वाफसा

शेरिडन माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. यंत्रणा तिथे आधीपासून होत्या. उपसा घटला तो २०१३ नंतर, आकडा ठरल्यावर.

उपसा

आणि आकडा ठरला कारण यंत्रणा आधीपासून होत्या, म्हणून लोकांना वाटले की हे जमेल. क्रम कुठला आधी यावर आपण भांडत राहू. माझ्या बाजूने एवढे कबूल करतो: मर्यादेविना ठिबकला अनुदान देऊ नये. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो. माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाते.

वाफसा

आणि माझ्या बाजूने: ‘ठिबक वीज वाढवते’ हे मी सरसकट लिहिलं ते चूक होतं. खोली सांगितल्याशिवाय ते वाक्य पुन्हा लिहिणार नाही. ‘ओलीतवाला’, तुमच्या प्रश्नाला मात्र अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही. कोटा कुणाला किती?

ओलीतवाला

शेरिडनचं दोनदा वाचलं. त्यात मला पटलेली गोष्ट संवेदकांची नाही, पाच वर्षांची आहे. दर वर्षाचा कोटा म्हणजे कोरड्या वर्षी फास. पाच वर्षांचा असेल तर माणूस मोकळेपणाने ठरवू शकतो. दुसरी गोष्ट, ते बाहेरून लादलेलं नव्हतं.

माझ्या अटी सांगतो. कोटा जमिनीच्या क्षेत्रावर द्या, जुन्या उपशावर नको. मीटर सगळ्यांना एकाच दिवशी बसवा, मोठ्या बागायतदाराला आधी. पातळी मोजायची विहीर गावाच्या मध्यावर असू दे, आणि तिचा आकडा दर महिन्याला फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असा. एवढं झालं तर ते दोन एकर मी पुन्हा कोरडवाहू करायला तयार आहे. ठिबकचा हप्ता तोवर फिटलेला असला पाहिजे, एवढंच.

चारीवरचा

फळ्यावर पातळीबरोबर पंपांनी त्या महिन्यात खाल्लेले युनिटही लिहा. पाणी तेवढंच उपसून युनिट वाढत असतील, तर पातळीचा आकडा यायच्या आधीच कळेल.